नंदकुमार सर आणि गुलाबी ब्रेकर

नंदकुमार सरांना जगाची फार काळजी. बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण त्यांनी नकाशावर काठी ठेवली की तो देश बघता बघता बुडायचा, जळायचा, नाहीतर लढाईत सापडायचा. एकदा म्हणाले, "हे बेट नीट बघून घ्या. तुमच्या लग्नापर्यंत राहतं की नाही, शंकाच आहे."

मागच्या बाकावरून अमोलने विचारलं, "सर, मग परीक्षेत येईल का?"

"बेट जाईल, प्रश्न राहील," सर म्हणाले. वर्ग हसला, सर हसले नाहीत.

माणूस वाईट नव्हता. वडील जळगावकडून नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला आले, तिथेच सर वाढले आणि लग्नानंतर बुऱ्हाणपुरात राहायला आले. पण सकाळी मोबाइलवर जगभरचं वाईट तेवढं वेचून वाचायचं आणि प्रार्थनेनंतर मुलांना ऐकवायचं, हा त्यांचा नेम. बायको, अलकाताई, म्हणायच्या, "अहो, सकाळी सकाळी पोरांना काय ऐकवता हे?"

"सत्य," असं म्हणून सर पोह्यांवर आणखी शेव घालून घ्यायचे.

नववीतली सोनाली फोपनारहून बसने शाळेत यायची. एका सकाळी जगातल्या सगळ्या हिमनद्या वितळवून सर खाली बसणार, एवढ्यात तिने हात वर केला.

"सर, तुम्ही सांगता ते खरंच असणार. पण मग आम्ही करायचं काय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सर गडबडले. मग त्यांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. "तो ब्रेकर दिसतो?"

"नाही सर."

"कुणालाच दिसत नाही! त्याच्यावर एक पट्टा मारणं या गावाला जमलं नाही, आणि तुम्ही जग सुधारणार!"

ब्रेकर होता तसाच. डांबराचाच रंग, मध्येच उठलेला. दुचाकीवाले त्याच्यावरून उडायचे, केळीच्या गाड्यांमधून घड खाली यायचे. फाटकाशी बोरं-चिंचा विकणाऱ्या धुरपदाबाईंचा पाय तिथेच एका उडालेल्या मोटारसायकलीने मोडला होता.

सरांना वाटलं, विषय संपला. सोनालीला वाटलं, आता सुरू झाला.

पोरांनी आधी चुन्याचे पट्टे मारले. दुपारपर्यंत चुना गाड्यांच्या टायरांना आणि थोडासा सरांच्या पँटीला लागून निघून गेला. मग अमोलने बहिणीच्या लग्नात घर रंगवून उरलेला ऑइलपेंट आणला. "सर, सफेद नाहीये. गुलाबी आहे. चलेगा?"

"मुळीच नाही," सर म्हणाले. रविवारी सकाळी ते पोरांना अडवायलाच निघाले होते. पण येऊन बघतात तर सगळी रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली, आणि समोरून दूधवाला सुसाट येतोय. सरांनी दोन्ही हात पसरले आणि वर्गातसुद्धा कधी काढला नव्हता असा आवाज काढला. दूधवाला जागच्या जागी थांबला. त्यानंतर रंग वाळेपर्यंत सरांना रस्ता सोडताच येईना. घरी गेले तेव्हा घसा बसलेला होता आणि भूक मात्र चांगली लागली होती.

ब्रेकर आता लांबून दिसू लागला. गाड्या थोड्या कमी उडू लागल्या, इतकंच.

सोमवारी सर शाळेत आले तर भलतंच चित्र. फाटकासमोर गाड्या गोगलगाईसारख्या चाललेल्या. जो तो हळू होतो, छातीला हात लावतो आणि पुढे जातो. एका ट्रकवाल्याने खाली वाकून विचारलं, "मास्टरजी, कौन से बाबा हैं?"

ब्रेकरच्या कडेला हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि नारळ!

सर तडक धुरपदाबाईंकडे गेले. "बाई, हा कुठला देव बसवला?"

"देव कुठला सर? तुम्ही नवी गाडी घेतली की हार घालता ना? पोरांनी काम केलं, मी कामाला कुंकू लावलं. लोक हात जोडता, त्याले मी काय करू?"

वर्गात त्या दिवशी भूगोल झालाच नाही. सर म्हणाले, "खोट्याच्या जोरावर लोकांना हळू चालवायचं?"

अमोल म्हणाला, "सर, पाय तर खरे वाचताहेत ना!"

"आज नारळ आहे," सोनाली म्हणाली. "उद्या कुणी चार भिंती घालेल. मग रस्ताच बंद. आपण लोकांना खरं काय तेच सांगू या."

नारळ फोडून वर्गात वाटला. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली. प्लास्टरमधला पाय पुढे करून, डोळे वटारून बसलेल्या धुरपदाबाई, आणि खाली हिंदीत: 'यहाँ धुरपदाबाई का पैर टूटा था। आपका नंबर भी लग सकता है।'

चित्र अमोलचं. बाईंनी ते पाहून कमरेवर हात ठेवले. "माझं नाक एवढं आहे का रे?" नाक दोनदा बदलावं लागलं. पण लोक वाचायला हळू होत, हसत, समोर खुद्द बाई दिसल्या की ओशाळत आणि बोरं घेऊन जात. पुढे पालिकेच्या माणसांनी येऊन रीतसर पांढरे पट्टे मारले, तेव्हा पट्टे तिरपे झाले म्हणून सरांनी त्यांच्याशी भर उन्हात वाद घातला. पोरं कौतुकाने बघत राहिली.

जग काही त्यामुळे सुधारलं नाही. सर सकाळी पूर-वणवे सांगतच राहिले. फक्त आता शेवटी थांबून वर्गाकडे बघायचे, आणि कुणीतरी हात वर करायचंच. असाच एकदा हात वर करून सोनालीने सांगितलं, की फोपनारच्या बसथांब्याशी वळण फार वाईट आहे, समोरची गाडी दिसतच नाही.

"तिथे काही होणार नाही," सर म्हणाले. "गावातले लोक ऐकायचे नाहीत. रंग टिकायचा नाही. पाटी वाऱ्याने जाईल."

रविवारी हे सगळं त्यांनी बसमध्ये पुन्हा एकदा सांगितलं. मांडीवर रंगाचा डबा होता. वर्गातली पोरं दाटीवाटीने बसली होती, आणि खिडकीबाहेर केळीची हिरवी रांग संपत नव्हती.

"सर, अजून गाव यायचंय," सोनाली म्हणाली. "बसा ना."

"माहीत आहे मला," सर म्हणाले, आणि डबा सांभाळत दाराशी जाऊन उभे राहिले.