चकतीवरचं कुंकू

उमाकांतअण्णांना आयुष्यात एकच वेड होतं, स्वच्छतेचं. बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते तीस वर्षं धागा काढत होते. येलहंक्याच्या घरी त्यांच्या पत्नी प्रेमावहिनी म्हणायच्या, "यांना देवापेक्षा गाळणी प्यारी." त्यात काही खोटं नव्हतं.

काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. ॲक्रिलिकची पांढरी भुकटी द्रावकात विरघळवून काकवीसारखा दाट घोळ करायचा, दहा-बारा तास निर्वातात ठेवून त्यातला बुडबुडा न् बुडबुडा काढायचा, तीनदा गाळायचा आणि शेवटी एका चकतीतून दाबून पाण्याच्या टाकीत सोडायचा. चकतीला तीन हजार भोकं, प्रत्येक केसाएवढं. शेवेचा सोऱ्याच तो, फक्त ब्रह्मदेवाच्या स्वयंपाकघरातला! टाकीत घोळातलं द्रावक निघून गेलं की दुधाळ धागे घट्ट होतात. मग ते धुवायचे, गरम पाण्यात ताणायचे, रुळांवर वाळवायचे. पुढे भट्टीत भाजून त्यांचाच काळाभोर कार्बन धागा होतो. भोकं बुजली की शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात, तुटतात, आणि रुळांवर नुसता गुंता होतो.

यंदा दिल्लीहून निरोप आला होता. दसऱ्यानंतर समिती येणार, सलग आठ तास धागा न तुटता चालला तर ठीक, नाहीतर युनिट बंद. धागा परदेशातून घेऊ. घोळ नवा होता, सुचेतानं दोन वर्षं खपून बसवलेला. नागपूरची ही पोरगी कंत्राटावर होती. सगळे उमाकांतना अण्णा म्हणत, ही एकटी काका म्हणे. समितीनं मान डोलावली तर तिची नोकरी कायम व्हायची होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला नेहमीप्रमाणे दारात कोहळा फुटला, चुरमुरे वाटले, यंत्रांना हळदकुंकू लागलं. अण्णांचा नियम ठरलेला होता: कुंकू टाकीच्या पायाला, चकतीला कधीच नाही. पण परवावर समिती आली होती, आणि पोरीचा चेहरा पार सुकला होता. धुऊन ठेवलेल्या चकतीकडे बघून अण्णांना भरून आलं. त्यांनी तिच्या आतल्या बाजूला कुंकवाचं इवलंसं बोट टेकवलं, हात जोडले, मऊ फडक्यानं पुसलं आणि चकती बसवून टाकली. तीस वर्षांच्या अकलेला त्या एका क्षणी कुलूप लागलं. तिन्ही गाळण्या चकतीच्या अलीकडे होत्या; चकतीवर राहिलेला कण त्या अडवणार नव्हत्या.

समितीसमोर धागा पाऊण तास छान चालला. सुचेता पहिल्यांदाच हसली. मग एका कडेचे धागे चिकटले, तुटले, आणि बघता बघता रुळांवर जटा झाल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं. दुपारी समितीनं वह्या मिटल्या.

अण्णांनी चकती उतरवली आणि हाताच्या सवयीनं सरळ धुण्याच्या यंत्राच्या भांड्यात टाकली. काम संपलं की चकती तत्काळ धुवायची, हा त्यांचाच दंडक. यंत्र गुणगुणायला लागलं आणि तळाशी लालसर धूर पसरावा तसा रंग उतरला. ते कुंकू होतं. त्यांनी झटकन चकती बाहेर काढून भिंगाखाली धरली. भोकं लख्ख होती, आरपार उजेड दिसत होता.

अहवालात लिहिलं गेलं: घोळ सदोष.

अण्णा तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले, मग उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, तुम्ही? चकतीवर कुंकू? हे या इमारतीत कोणी तरी मानेल का?"

"खरं सांगतोय सर. माझ्या हातानं लावलं."

"पुरावा?"

अण्णांकडे पुरावा नव्हता. तो त्यांनीच धुतला होता.

"तुमच्याकडची, मराठी मुलगी आहे, माया वाटणारच. होगली बिडी, जाऊ द्या," साहेब हळूच म्हणाले.

सुचेतालाही त्यांनी सांगितलं. ती खोकी बांधत होती.

"काका, प्लीज, माझ्यासाठी खोटं नका ना बोलू," ती म्हणाली. "माझाच रेशो चुकला असेल."

"अगं, तुझा घोळ सोन्यासारखा होता! मीच मेल्यानं घात केला."

ती वाकून त्यांच्या पाया पडली. तिचा विश्वास बसला नव्हता. आपल्याला काही येत नाही, हे ओझं उराशी घेऊन ती नागपूरला परत गेली, आणि त्या ओझ्याचा खरा मालक इथेच राहिला.

मार्चमध्ये टाकी कापून भंगारात गेली. त्याच महिन्याच्या शेवटी अण्णांचा निरोपसमारंभ झाला. म्हैसूरपाक होता, शाल होती, प्रेमावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. साहेब माइकवर आले.

"अण्णांचा हात तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आणि मन किती मोठं! एका ज्युनियर मुलीला वाचवायला यांनी तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतली."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. अण्णा नको नको म्हणून हात हलवत राहिले. लोकांना तो विनय वाटला, आणि टाळ्या आणखी वाढल्या.