फाउंडेशनचं रबर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. वर्गात फोन घ्यायचा नाही, असं सगळ्यांना ऐकवणारी मीच. पण नाव मीराचं होतं, आणि माझी ही भाची कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "आत्या, बाबा गेले," ती म्हणाली. "कुठे?" मी विचारलं. जन्मभर गाडीवर असलेल्या माणसाबद्दल 'गेले' म्हटलं की दुसरा अर्थ लवकर डोक्यात शिरत नाही. मला वाटलं, लातूरला गेला असेल, नेहमीसारखा.

महिना उलटून गेला त्याला. नांदेडहून मुखेड आणि मुखेडहून नांदेड अशा खेपा करून माझा जीव शिणलाय. माणसं येतात, "नारायणराव लई चांगला माणूस" म्हणतात, चहा घेतात, जातात. चांगला होताच. पण तो किती हट्टी होता, हे कोणी बोलत नाही. गेलेल्या माणसाचे दुर्गुण सांगायचे नसतात म्हणे. मी धाकटी बहीण आहे, मला तेवढा हक्क आहे. एका गाडीच्या इंजिनापायी या माणसाने अर्धं आयुष्य घालवलं, आणि ते का घालवलं, हे गावात फारसं कोणाला ठाऊक नाही.

त्यासाठी आधी वहिनीबद्दल सांगायला हवं. शांतावहिनीचं माहेर औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा ती तान्ह्या मीराला घेऊन माहेरी गेली होती. पहाटे पोर रडायला लागली, इतरांची झोप मोडू नये म्हणून तिला खांद्यावर घेऊन ती अंगणात आली, आणि तिच्या पाठीमागे जड मातीच्या माळवदाचं घर खाली बसलं. आई, वडील, धाकटा भाऊ... सगळे आत. दादा तिथे पोचला तेव्हा ती पोरीला तशीच खांद्यावर धरून उभी होती. खाली बस म्हटलं तरी बसेना. मुखेडला परत आल्यावर तिने घरावर पत्रे घालायला लावले, उंचावरची मांडणी काढून भांडी खाली आणली. त्यावर दादाने एका शब्दानंही वाद घातला नाही. एरवी वाद घालणं हा त्याचा छंद होता.

मदतकार्यासाठी आलेल्या एका संस्थेने काम आवरल्यावर आपल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या. त्यातली एक दादाने घेतली. पुढे माणसांसाठी सीटच्या दोन रांगा, मागे उघडा हौदा. अशा गाडीला आमच्याकडे 'डबल केबिन' म्हणतात. इंजिन पेट्रोलचं, इतकं शांत की चालू आहे की बंद ते कळू नये. वहिनी त्या गाडीत खुशाल बसायची. आठवडी बाजाराला मागच्या सीटवर राणीसारखी बसून जायची आणि येताना भाजीच्या पिशव्या मांडीवर घ्यायची, हौद्यात ठेवायची नाही. मी चेष्टा केली की म्हणायची, "तुमच्या भावाची गाडी हाय, माझी भाजी हाय."

मग लातूरला क्लासचं वारं सुटलं. गावोगावची पोरं तिथे खोल्या करून राहायला लागली आणि त्यांच्या मागोमाग आयांचा जीव. मेसच्या जेवणाने पोरं आजारी पडायची, म्हणून घरचे डबे यष्टीने जायचे, आणि यष्टी चुकली की पोर उपाशी. दादाने डबे पोचवायला घेतले. मुखेडहून निघायचं, वाटेतल्या गावांतले डबे हौद्यात घ्यायचे, दुपारच्या आत लातूरच्या खोल्यांवर पोचवायचे. धंदा चांगला, पण ती गाडी पेट्रोल पाण्यासारखी प्यायची. तेव्हा याच्या डोक्यात आलं, गाडी डिझेलवर करायची.

ते दिवस मला चांगले आठवतात, कारण दादाचा मुक्काम नांदेडला माझ्याकडे होता आणि माझ्या मोरीच्या फरशीवरचा काळा डाग अजून गेलेला नाही. नांदेडच्या भंगार बाजारातून त्याने अपघातातल्या एका जीपचं इंजिन आणलं. गफारमिस्त्रीच्या गॅरेजमध्ये चेनकप्पीने पेट्रोलचं इंजिन वर उचललं आणि हे खाली सोडलं, तर ते गिअरबॉक्सला जुळेना. मध्ये बसवायला लेथवर जाड पट्टी करून घेतली. डिझेलचं धूड जड, गाडी नाकावर वाकली. पुढच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक पान वाढवलं. रेडिएटर पुरेना, तो बदलला. बॉनेट लागेना, त्याला ठोकून फुगवटा काढला. मग आरटीओत पासिंग. रोज संध्याकाळी जेवताना हे सगळं मला ऐकावं लागायचं. मी म्हणाले, "दादा, एवढ्यात दुसरी गाडी आली असती." तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला हीच आवडती."

गाडी झाली. दादा हॉर्न वाजवत मुखेडला गेला, मीही हौसेनं सोबत होते. थेट दारापुढे गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं, बायकोने ऐकावं म्हणून. डिझेल ते, उभ्या जागी थडथडायला लागलं. घराचे पत्रे वाजायला लागले, आतली भांडी एकमेकांवर किणकिणायला लागली... आणि झोपलेल्या मीराला उचलून वहिनी मागच्या दाराने पळाली. आम्हाला आधी कळलंच नाही. शोधत गेलो तर ती मोकळ्या रानात मधोमध उभी, पोर खांद्यावर. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती घरात आली नाही. दादाने पाट्यांचा विचार केला होता, रेडिएटरचा केला होता, बॉनेटचाही केला होता.

त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. गाडी विकावी तर धंदा बुडतो, आणि डब्यांची सवय झालेली पोरं तोंडाकडे बघतात. दादाने त्यावर काय काढलं, तर सकाळी शेजारच्या बालाजीला हाताशी घेऊन गाडी ढकलत सडकेपर्यंत न्यायची आणि तिथे चालू करायची. येताना वळणावर इंजिन बंद करून हलक्या उतारावरून गपगुमान दारी यायचं. लोक हसायचे. "नारायणराव, घर तुमचंच हाय, चोरावानी काउन येता?"

इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं, त्यांना मिस्त्री लोक 'फाउंडेशन' म्हणतात. हे रबर बरोबर बसलं की हादरा कमी होतो, एवढं दादाला कळलं आणि आमच्या मागे एक नवीनच लचांड लागलं. कडक रबर झालं, मऊ झालं, ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून झाले. "फाउंडेशनसाठी नांदेडला येऊन राहिलो," असा त्याचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेला. एकदा डब्याच्या एका पालकाने हे ऐकलं आणि गावभर केलं, की नारायणराव मीराला लातूर सोडून नांदेडला फाउंडेशनच्या बॅचला घालणार! लहान वर्गांपासूनच्या तयारीला क्लासवाल्यांचाही शब्द तोच, 'फाउंडेशन'. गफारमिस्त्री तर कंटाळून म्हणाला, "नारायणभाई, डिझेल है, हिलेगाच. उसको क्या झूला बनाना है?" दादा म्हणाला, "हाव, झूलाच बनाना है."

प्रत्येक खेपेनंतर परीक्षा व्हायची. गाडी वळणावर चालू, वहिनी घरात भिंतीला तळवा लावून उभी. दादा तिथून ओरडायचा, "आता?" आतून उत्तर यायचं, "हाय अजून." मग दारापासून आणखी लांब. "आता?" "हाय." पुढे मीराच लातूरला क्लासला गेली. तिचा डबा दादाच्या गाडीत आणि तिला भेटायला जाणारी आई मागून यष्टीत. एकाच सडकेवर नवरा पुढे आणि बायको मागे! मी एकदा वैतागून विचारलं, "वहिनी, यष्टी काय पाळणा आहे का?" ती शांतपणे म्हणाली, "यष्टी परक्याची हाय ताई. हालली तर हालली. आपल्या दारातलं हालू नये."

नंतर मेस सुधारल्या, डबे कमी झाले, मीरा शिकून नोकरीला लागली. गाडी राहिली. दादाचं रबर कापणंही चालूच होतं, आता कोणासाठी आणि कशाला, हे विचारायचा कंटाळा यायचा. त्या दिवशी सकाळी अंगणात त्याच्या छातीत कळ आली. दुसरं वाहन जवळ नव्हतं. बालाजीने ढकलाढकलीत वेळ घालवला नाही, दारातच गाडी चालू केली. पत्रे वाजले, भांडी वाजली. दादाला मागच्या सीटवर निजवलं आणि वहिनी चढून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखाना गाठेपर्यंत तो राहिला नाही. वाटेत एकदाच बोलला, हे मला बालाजीने सांगितलं. म्हणाला, "लई हालून राहिली का गं?" वहिनी म्हणाली, "न्हाई वो. कायबी हालत न्हाई." त्यावर दादा हसल्यासारखा झाला. "बसलं म्हणायचं मग..." एवढंच.

गाडी त्याच दिवसापासून दारापुढे उभी आहे. बालाजी विचारत होता, बाजूला लावू का. वहिनी नको म्हणाली. मागच्या रविवारी आम्ही दोघी गाडीच्याच सावलीला शेंगा फोडत बसलो होतो. राहवेना म्हणून मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी खरंच हालत नव्हती का हो?"

"हालत व्हती की. दातावर दात वाजून राहिले व्हते माझे."

"मग?"

वहिनीने सुपातली फोलपटं पाखडली. म्हणाली, "इतकी वर्सं इचारून राहिले व्हते, ताई. एकदा तरी न्हाई म्हणावं वाटलं."