दुपारी बंद झालेलं चर्च

आमच्या घरात सासऱ्यांसमोर सुनेने उभं राहायचं नाही, असा रिवाज होता. सासऱ्यांना आमच्याकडे मांव म्हणतात. मांव ओसरीवर आले की मी स्वयंपाकघरात. ते जेवायला बसायचे तर ताट आधी वाढून मी दाराआड. काही कमी पडलं तर ते रिकामी वाटी जमिनीवर टकटक वाजवायचे, की मी समजायचं, आमटी पाहिजे. बोलणं म्हणून नाहीच. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा होता, आणि मांवांनी माझा आवाज ऐकला असेल तर तो भिंतीपलीकडून, मुलाला झोपवताना. आता मुलींना हे सांगितलं की त्या म्हणतात, काहीतरीच. असेल काहीतरीच. पण मला त्यात वावगं वाटत नव्हतं, त्या दुपारपर्यंत तरी.

आम्ही गोव्यातले, पेडण्याचे सुतार. नवरा सुर्ल्याला खाणीच्या ट्रकवर होता, तो शनिवारी यायचा. मांव मात्र रंधा-पटाशी धरून होते. त्या उन्हाळ्यात त्यांना जवळच्या चर्चमधलं काम मिळालं होतं. पाद्री ज्यावर चढून प्रवचन करतात ते उंच, कोरीव पुल्पिट वाळवीने खाल्लं होतं, ते दुरुस्त करायचं. मांवांच्या आज्याचा आजा म्हणे त्या कामावर होता. रोज संध्याकाळी मांव सासूला सांगत बसायचे, आज अमुक वेल सापडली, आज तमुक फूल, अशी पटाशी आता कोण चालवतो. मी आत चुलीपाशी बसून ऐकायची. मला विचारणारं कोणी नव्हतं, पण ती वेल मला डोळ्यांनी बघायची होती.

सासू चार दिवस लेकीकडे गेली तेव्हा दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत ठरलेली. बाजूच्या दाराशी डबा ठेवायचा, कडी एकदा वाजवायची, आणि आंब्याखाली जाऊन थांबायचं. मांव जेवून रिकामा डबा परत दाराशी ठेवायचे, तो घेऊन मी घरी. मुलाला तेवढा वेळ शेजारीण बघायची. ती किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तरी मला व्हनी म्हणायची, वहिनी. मूल आठवड्यापूर्वीच जुलाबाने सुकून गेलं होतं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, दुसरं काही देऊ नको, दर दोन तासांनी अंगावर पाज, चुकवू नको. मी त्याला पाजून निघाले आणि शेजारणीला म्हटलं, "बाय, अर्ध्या तासात येते."

त्या दिवशी ऊन भाजत होतं, आणि दार सताड उघडं. मांव मागल्या अंगाला विहिरीवर हात धूत होते, पाणी पडल्याचा आवाज येत होता. मनात आलं, एकदा बघून बाहेर. डबा उंबऱ्याजवळ ठेवला, वहाणा हातात घेतल्या आणि आत शिरले. चार पावलं गेले नाही तोच मांवांचा खोकला आला. आता काय करायचं? बाजूला लाकडाचं एक उभं कपाट होतं, दाराला नक्षीची जाळी. मी त्यात शिरले आणि दार ओढून घेतलं. आत बसायला फळी होती. म्हटलं, मांव जेवून पुन्हा हात धुवायला गेले की निघू.

मांव जेवले. मग चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा आला, चाव्या खुळखुळवत.

"मेस्ता, आज निजपाक ना?" मिस्त्री, आज झोपायचं नाही?

"ना रे. फणसाचें लाकूड पळोवपाक वतां. चारांक येतां." फणसाचं लाकूड बघायला जातो, चारला येतो.

"मागीर बंद करतां हांव. भितर कोण आसा?" मग मी बंद करतो, आत कोणी आहे?

"कोण ना. सून डबो दवरून गेली. उनांत रावूंक नाका म्हणून डबो आज हांवच व्हरतां." कोणी नाही, सून डबा ठेवून गेली; तिला उन्हात थांबायला नको म्हणून रिकामा डबा आज मीच नेतो.

मी जाळीतून दोघांना बघत होते. आठ-दहा हातांवर असतील. 'मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. दोन वर्षं ज्यांच्यापुढे हुं की चुं केलं नाही, त्यांच्यापुढे परक्या पुरुषाच्या देखत, वहाणा हातात घेऊन कपाटातून बाहेर यायचं? आणि मांव माझ्याच भल्यासाठी डबा घेऊन चालले होते. दार लागलं, कुलूप फिरलं.

कपाटातून बाहेर आले तर सगळीकडे शांत. बाजूचं दार हलवलं. मोठं दार हलवलं, त्याला आतून जाड अडसर आणि त्यावर कुलूप. खिडक्या उंच, शिंपल्यांच्या तावदानांच्या, बाहेरून गज. त्यातून दुधासारखा उजेड येत होता, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. दार ठोकून बघितलं. ते दार माझ्या हाताने वाजेना सुद्धा, एवढं जाड. दुपारी आमच्याकडे गाव झोपतो, ऐकणार कोण?

मग सांगते काय केलं. बघायला आले होते ना, तर बघत फिरले. दुसरं करणार काय. बसले असते तर रडले असते. जमिनीवर थडग्यांचे दगड होते, त्यावर परकी अक्षरं आणि कवटी कोरलेली. त्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालले. दाराजवळ पाणी ठेवायचं दगडी भांडं, शिंपल्याच्या आकाराचं. पुल्पिटाशी गेले. मांव सांगायचे ती वेल खरीच होती, अननस होता, काजूचं बोंड होतं, आणि सगळ्याचा भार खालून तोलून धरणाऱ्या बायका. कंबरेपर्यंत बाई, खाली माशाची शेपटी. कानांत आमच्यासारख्या कुड्या. मान दबलेली, हात वर, इतक्या वर्षांचा भार. एकीचं नाक वाळवीने नेलं होतं, तिथे मांवांनी नवं लाकूड बसवलं होतं, अजून पांढरं. मी त्यावर बोट फिरवलं. घरातल्या माणसाचं काम मी पहिल्यांदा असं हात लावून बघत होते.

फिरता फिरता वेदीपाशी गेले. तिथे एका छोट्या दारावर पक्षी कोरला होता. मला आधी बगळा वाटला. मान वाकवून त्याने चोच स्वतःच्याच छातीत खुपसली होती, आणि पायाशी तीन पिल्लं, चोची उघडून. छातीतून थेंब गळत होते, तेही कोरलेले, एकाखाली एक. कोणी सांगावं लागलं नाही. आई आहे ते मला कळलं, आणि त्याच क्षणी माझा पान्हा सुटला. चोळी भिजली, पदर भिजला. म्हणजे दोन तास झाले होते. माझ्या अंगालाच घड्याळ होतं तेव्हा.

लोक म्हणतील, मी हात जोडले असतील. नाही जोडले. मला त्या पक्ष्याचा राग आला. तुझी पिल्लं तुझ्या पायाशी तरी आहेत, म्हटलं. माझं मूल तिकडे तोंड कोरडं करून रडत असेल, आणि मी इथे नक्षी बघतेय.

मोठ्या दाराजवळ मनोऱ्यातून घंटेचा दोर खाली आला होता. तो मी आल्यापासून बघत होते, आणि आल्यापासून टाळत होते. त्या घंटेची भाषा आम्हाला घरबसल्या ठाऊक होती. सावकाश एकेक ठोका म्हणजे कोणीतरी गेलं. भराभर वाजली म्हणजे संकट, धावा. आणि ते दिवस कसले? गोव्याचं वेगळं राज्य अजून व्हायचं होतं, राज्याची भाषा कोंकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती. घरात कोंकणी बोलत असलो तरी आम्ही मराठीच्या बाजूचे, चर्चवाले कोंकणीच्या. रस्त्यात झाडं आडवी टाकत होते, भिंतींवर रंगवलं होतं. अशात भरदुपारी चर्चची घंटा वाजली, आणि आत सापडली कोण, तर कपाळाला कुंकू लावलेली मराठीवाल्यांची सून. काय करत होती म्हणून विचारलं तर सांगू काय? मांवांचं काम जाईल, ते वेगळंच. शेजारणीचं आणि माझं कुंपणावरचं बोलणं जाईल. चारला उघडणारच आहेत, मी मनाशी म्हटलं. पण डॉक्टर म्हणाले होते, चुकवू नको.

दोर धरला. सोडला. परत धरला. मग डोळे मिटून ओढला.

घंटा लगेच वाजत नाही, बरं का. आधी वर काहीतरी जड कुरकुरतं, मग दोर हातातून वर पळतो, मग आवाज. मला ना मयताचं वाजवता आलं, ना संकटाचं. कसंही वाजलं, लहान मुलाने खेळल्यासारखं. वाजवत राहिले.

आधी कुत्री, मग माणसं. बाजूच्या दारावर थापा, मग किल्ली. म्हातारा उघड्या अंगानेच आला होता. मागे पंधरा-वीस जण, दोघांच्या हातांत दांडे. पुढचा दांडेवाला विचारतो, "कोणें केलें हें?" कोणी केलं? मी दोर धरूनच उभी, पदर भिजलेला.

गर्दीतून मांव आत आले. धापा टाकत, हातात तो रिकामा डबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि त्या दांडेवाल्याकडे वळले.

"म्हजे सुनेन," ते म्हणाले. "कुलूप आमी मारलें, ती भितर आसतना. आमी विचारलें, पूण तिका न्हय." आम्ही विचारलं, पण तिला नाही.

दांडे खाली आले. कोणीतरी हसलं. तेवढ्यात शेजारीण गर्दी सारत आली, कडेवर माझं मूल, रडून रडून आवाज बसलेला.

"व्हनी, घर बी सोदलें, बांय बी पळयली," ती म्हणाली. तिने मला शोधायला विहिरीत सुद्धा वाकून बघितलं होतं.

मूल घेतलं, पण पाजायचं कुठे? मांव समोर, एवढे पुरुष समोर. मी आपली परत त्या जाळीच्या कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. बाहेर शेजारणीला हसू आवरेना. "अगे, थंय पाद्रीकडेन पापां सांगतात." तिथे बसून पाद्रीला पापं सांगतात म्हणे. मला काय माहीत? मूल पीत होतं. डोळे मिटून, नाकाने फुसफुस करत, घटघट पीत होतं.

जाळीतून मला मांवांची पाठ दिसत होती. कपाटाकडे पाठ करून ते उभे होते. "सून भुरग्याक दूद दिता," गर्दीला सांगत होते. "भायर रावात." आणि माणसं, मराठीवाली असोत की कोंकणीवाली, मुकाट्याने बाहेर जात होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिले. मांव जेवले. म्हातारा चाव्या घेऊन आला. त्याला हातानेच थांबवून मांव दारात आले आणि नजर आंब्याच्या शेंड्यावर ठेवून म्हणाले,

"सूनबाय, तूं भितर काय भायर?"

आंब्याखालून मी एक पाऊल पुढे आले.

"भायर," मी म्हटलं.

"बरें," मांव म्हणाले. मग डबा उंबऱ्यावर न ठेवता, येऊन माझ्या हातात दिला.