जामिनाचा धडा

नेव्झेताबाईंच्या शाळेत कॉफीची एक रीत होती आणि सहीची एक. दोन्हींना नाही म्हणायची सोय नव्हती. कुणाला कर्ज काढायचं असलं की तो मधल्या सुट्टीत स्वतः सगळ्यांसाठी कॉफी करी आणि पेले भरता भरता विचारी, "कुणाचा हात मोकळा आहे?" बोस्नियात शिक्षकाची सही बँकेला फार प्रिय. पगार सरकारी, थोडका पण न चुकणारा. त्यामुळे स्टाफरूममधला प्रत्येक जण कुणा ना कुणाला जामीन होता. छपरासाठी, मुलीच्या लग्नासाठी, जुन्या गाडीसाठी. सही झाली की कर्ज काढणाऱ्याने जामीनदाराला बाजारातल्या दुकानात नेऊन चेवापी खाऊ घालायची. निखाऱ्यावर भाजलेलं मांस, गरम पाव, बारीक चिरलेला कांदा. हिशेब तिथेच मिटला असं सगळे धरून चालत.

खेळाचे शिक्षक एसद बाईंना बँकेत घेऊन गेले, तेव्हा बाईंनी कागद हातात घेऊन विचारलं होतं, "इथे काय लिहिलंय रे?" बाई स्वतः अर्थशास्त्र शिकवायच्या.

"नेहमीचंच गं. सही कर, मला भूक लागलीय."

पुढच्या उन्हाळ्यात एसद बायकापोरांसकट ऑस्ट्रियाला गेले ते गेलेच. फोन लागेना. बाईंच्या पगाराचा तिसरा हिस्सा परस्पर कापला जाऊ लागला.

त्यानंतर शाळेत आर्थिक साक्षरतेचा नवा तास आला. तो कुणालाच नको होता, म्हणून बाईंच्या गळ्यात पडला. सोबत आलेल्या पुस्तिकेत गुलाबी डुकराचा गल्ला होता आणि हसरं कुटुंब होतं. जामिनाबद्दल अवघ्या दोन ओळी. बाईंनी त्या दोन ओळींचा महिनाभराचा धडा केला.

"जामीनदार म्हणजे काय?"

"मदत करणारा, बाई."

"चूक. ज्याने पैशाचं तोंडही पाहिलं नाही असा कर्जदार, तो जामीनदार. म्हणा."

वर्ग म्हणे. मागून कुणी विचारी, "आणि मामाने सही मागितली तर?"

"मामाला कॉफी दे."

"मामा कॉफीवर ऐकत नाही हो, बाई!"

"मग दोन दे."

मुलं हसत, पण घरी जाऊन सांगत. गावात बोलणं फिरलं, स्टाफरूमपर्यंत आलं. रसायनशास्त्राच्या झुमराबाईंनी एकदा तोंडावर विचारलं, "पोरांना आमच्याविरुद्ध शिकवतेस होय गं?" आणि वर्षभराने झुमराबाईंनी स्वतः सही मागितली, तेव्हा नेव्झेताबाईंनी नाही म्हटलं. त्या दिवसापासून कॉफी होई, पेले भरले जात, बाईंचा पेला मात्र फळीवर उपडाच राही. तेवढं त्यांनी सोसलं. आपलं बरोबर आहे ही गोष्ट एकटीने कॉफी पिताना पुष्कळ ऊब देते.

मग त्यांचे यजमान रेफिक यांचा पाय धरला. आधी टाच, मग बोटं काळी पडायला लागली. रक्त खाली पोचत नव्हतं. सरकारी इस्पितळात नंबर लागायचा तो हिवाळा संपल्यावर. डॉक्टर म्हणाले, "तोवर शस्त्रक्रियेला पाय उरणार नाही. खासगीत करा." बँकेने बाईंचा कापलेला पगार पाहिला आणि कागद परत दिले. मंडईमागच्या छोट्या कर्जाच्या दुकानाची तयारी होती. व्याज कंबरडं मोडणारं, आणि पक्क्या पगाराचा एक जामीनदार हवा.

बाईंनी मान खाली घालून झुमराबाईंना विचारलं.

"मी तुझ्या वर्गात कधी बसले नाही," झुमराबाई म्हणाल्या, "पण धडा पोचला हो मला."

आल्मिर शाळेच्या उपाहारगृहात पाव पोचवायचा. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. हा नवा तास सुरू होण्याआधीच कसाबसा सुटलेला. शेवटच्या परीक्षेत बाईंनीच ढकलून पास केलेला. त्याची धाकटी बहीण मेलिहा आता बाईंच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसे. पावाची पेटी खाली ठेवत आल्मिर म्हणाला, "बाई, चेहरा का असा? कुणी नापास झालं का?"

बाईंनी सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवूनही सांगितलं.

"एवढंच? मग मी करतो की सही. बेकरीचा पगार पक्का आहे माझा."

"तुला स्वतःची गाडी घ्यायचीय ना? तुलाही कर्ज लागेल. घरी विचार आधी."

"आईला? ती तर तुमच्या नावाने शपथा घेते. चला."

दुकानातल्या पोरीने कागद पुढे सरकवले आणि ती परत फोनमध्ये शिरली. आल्मिर ओळींवर बोट ठेवून वाचत होता, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसा. एका जागी बोट थांबलं.

"बाई, इथे काय लिहिलंय?"

ते वाक्य बाईंना पाठ होतं. कितीतरी वर्गांकडून त्यांनी ते म्हणवून घेतलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. सकाळी रेफिकचा लोकरी मोजा काढताना आलेला वास अजून त्यांच्या नाकात होता. धुतलेल्या हातांनाही तो येतोय असं त्यांना वाटलं.

"नेहमीचंच आहे," त्या म्हणाल्या. "सही कर."

मग त्यांनी त्याला चेवापी खायला नेलं. त्याने आपली ताटली संपवली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही खात नाही?" मग त्यांचीही संपवली.

पाय वाचला. दोन बोटं गेली. घरी आल्यावर रेफिकने खाटेवरून विचारलं, "त्या पोराला सगळं नीट सांगितलंस ना? वर्गात सांगतेस तसं?"

"हो."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर रेफिकला त्यांचा हा 'हो' ओळखू येत होता. "बरं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. बाई भट्टीत ठेवलेली पिता, बटाटा भरलेली पोळी, करपतेय का ते बघायला उठल्या. ती करपली नव्हती.

कापलेला पगार, वर नवा हप्ता. उरलेल्यात एक तर कोळसा येई किंवा रेफिकची औषधं. एक हप्ता चुकला, मग पुढचाही. एका सकाळी आल्मिरने पेटी खाली ठेवली आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, काहीतरी गडबड झालीय. माझ्या पगारातून कापलेत. बेकरीवाला म्हणतो, कागद आलाय."

"मी बघते."

"तुम्ही बघाल म्हणजे झालं," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. "गाडीचं पुढच्या वर्षी बघू."

गुरुवारी जामिनाचा धडा होता. तो गाळला असता तर कुणी विचारलं नसतं. पण घंटा झाली, बाई वर्गात गेल्या आणि हाताने सवयीने फळ्यावर शब्द लिहिला.

"जामीनदार म्हणजे काय?"

मेलिहाने हात वर केला. तिच्या आवाजात खोच नव्हती. "माझा भाऊ जामीन राहिलाय, बाई. तो म्हणतो त्यात विशेष काही नसतं, नेहमीचंच असतं. पण त्याचा पगार कापला. ते चुकून झालं ना?"

सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. आज मागचा बाकही हसला नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "चुकून नाही."

"मग पुढच्या महिन्यातही कापतील?"

"कापतील."

खडू हातातच होता. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं. "वह्या काढा," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. ज्याने पैशाचं तोंडही पाहिलं नाही असा कर्जदार, तो जामीनदार."

मेलिहाने सगळ्यांच्या आधी लिहायला घेतलं.