चष्म्यातल्या खाणीत मी मागे वळलो

मित्रांनो, आज कराडला आम्हा दगडखाणीतल्या कामगारांना डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा लावून सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं.

चष्म्यात हुबेहूब आमच्यासारखी खाण होती. अचानक दरड सुटली. पळायचं सोडून मी मागे वळलो, कारण सुरुंग भरताना माझा जोडीदार दत्ता नेहमी मागेच असतो.

"तुम्ही दगडाखाली गेलात," प्रशिक्षक म्हणाले. "आधी स्वतः बाहेर पडायचं."

चष्मा काढला तरी मी मागेच बघत होतो. दत्ता पाणी घेऊन आला. "लय घाबरलास व्हय रं? खरंच दरड आली तर माझ्यासाठी थांबू नगंस, गड्या."

"आन् तू थांबणार न्हाईस?"

त्यानं नुसतं पाणी माझ्या हातात दिलं.

उद्या आम्ही दोघे पुन्हा कड्याखाली असू. जोडीदाराला मागे टाकून तुम्हाला पळता येईल का?