बाभळीपर्यंत

दुपारचं झोपायचं नाही, पाय जड होतात, असं काळेल सरांनी पोरींना बजावून बजावून सांगितलेलं आहे, आणि अनुजा गोफणेचे डोळे नेमके आत्ताच मिटायला लागले आहेत.

स्टेडियमच्या गॅलरीखालच्या लांबट खोलीत पोरींसाठी सतरंज्या टाकल्या आहेत. पंखा आहे, पण तो आपला स्वतःपुरता फिरतो. डोक्यावरच्या स्लॅबवरून लोकांच्या चपला जातात, येतात. उशाला बुटांची पिशवी आहे, पिशवीला टेकून पाण्याची बाटली आहे, आणि तिचं सील अजून फोडलेलं नाही. अनुजाला तहान लागली आहे. हात लांब करायचा तेवढा कंटाळा.

सकाळी आठशे मीटरच्या प्राथमिक शर्यतीत ती कशीबशी, सगळ्यांच्या शेवटी, अंतिम शर्यतीत घुसली. ती शर्यत आज संध्याकाळी आहे. आणि संध्याकाळीच चार पोरींची चारशेची रिले आहे, तिच्यात जिल्ह्याला पदक मिळेल असं सगळे धरून चालले आहेत. काळेल सरांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "आठशेतनं नाव काढून घेऊ, पोरी. रिलेला पाय ताजे ठेव. तू चारशेची हायस. आठशेत तुझा दम पुरत न्हाई, राग मानू नको." ती बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली, तेव्हा सर जरा नरमले. "बरं, उन्हं कलली की हजेरी घेत्यात त्या कॉल रूमपाशी ये आन् सांग. तवर नाव ठेवतो."

आता सरांना सांगायचं काय? दम पुरला नाही हे खोटं आहे, आणि खरं आहे ते सांगण्यासारखं नाही.

आठशे ही शर्यतच मुळात आडमुठी. वेगवाले म्हणतात ही दमाची, दमवाले म्हणतात ही वेगाची, आणि पळणारीचा मधल्यामधे जीव जातो. अनुजा तिथे वेगाकडून आली, दोनशे आणि चारशेवरून वर चढत. रेश्मा मुलाणी आली दमाकडून, तीन हजार आणि पाच हजारांवरून खाली उतरत. दोघी एकाच गावच्या, त्यामुळे माळावरच्या मैदानात आठशेवर दोघींची गाठ पडली आणि त्यांनी शर्यत वाटून घेतली. पहिली फेरी अनुजा पुढे. दुसऱ्या फेरीची घंटा झाली, वळण संपून मैदानाच्या पलीकडची सरळ पट्टी लागली, की अनुजानं अर्धं पाऊल बाहेर सरकायचं आणि आतून रेश्मानं पुढे व्हायचं. ते मधले दोनशे मीटर सगळ्यांत वाईट, तिथे वेगही संपलेला असतो आणि शेवटही दिसत नाही. ते दोनशे रेश्माचे. शेवटचं वळण संपलं की पुन्हा अनुजा. तीन वर्षं हे असं चाललं. मग गेल्या पावसाळ्यात रेश्माला डेंगीचा ताप आला आणि ती गेली.

आज सकाळी घंटा झाली, वळण संपलं, आणि अनुजाचे पाय तिला न विचारता अर्धं पाऊल बाहेर सरकले. वेगही त्यांनी थोडा सोडला. आतून जागा रिकामी झाली. त्या जागेतून नागपूरची पोरगी गेली, तिच्यामागून आणखी एक गेली. बघणाऱ्यांना वाटलं, पोरीचा दम संपला.

चपलांचा आवाज आता लांब गेला आहे. पंख्याचाही.

"सरक की जरा. सगळी सतरंजी तुझ्या बापाची हाय व्हय?"

अनुजा डोळे न उघडताच सरकते, कारण हा आवाज आला की सरकायचं ही सवय अंगात मुरलेली आहे. मग तिच्या ध्यानात येतं आणि ती डोळे उघडते. रेश्मा सतरंजीच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधते आहे. तोच निळा ट्रॅकसूट, कोपरावर फाटलेला. केस ओले, तेल लावून घट्ट विंचरलेले.

"रेश्मे, तू तर..."

"व्हय. गेले की." रेश्मा गाठ ओढून बघते. "म्हणून काय पळायचं सोडू? ऊठ. पाय जड झालं तर सर मला बोलत्याल."

अनुजा उठते. पाय मुळीच जड नाहीत. खोलीचं दार ढकललं की बाहेर कालव्याचा रस्ता आहे, गावाकडचा. सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही, ऊन सगळीकडून सारखंच येतं. कालव्यातलं पाणी चढाकडे चाललं आहे. अनुजाला त्याचं काही वाटत नाही. दोघी हलक्या पायानं पळायला लागतात.

याच रस्त्यावर काळेल सरांनी त्यांना पाण्याचा घोट लावला होता. नाकानं श्वास घ्यायची सवय लागावी म्हणून, असं सर सांगतात. खरं कारण असं, की दोघी पळताना अखंड बडबडायच्या आणि सरांचं डोकं उठायचं. तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि एका चालीनं पळायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. वाकडी बाभूळ आली की बुंध्यावर घोट टाकायचा, आणि तिथून पुलापर्यंत जीव खाऊन सुटायचं. बाभळीच्या आधी कुणाचं तोंड उघडलं तर दोघींनी पहिल्यापासून. दोघींपैकी हसायची नेहमी अनुजाच.

"सकाळी काय केलंस ते?" रेश्मा विचारते.

"दम संपला."

"हे सरांना सांग. मला नगं सांगू."

थोडं अंतर जातं. रेश्माचे पाय पडतात, पण वाजत नाहीत.

"जागा दिली," अनुजा म्हणते.

"कुणाला?"

"तुला."

रस्ता वळतो आणि वळणातच मुलाणींचं स्वयंपाकघर लागतं. शहाबादी फरशीवर मैदानावरच्यासारख्या चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या आहेत, आठच्या आठ, चुलीपासून मागच्या दारापर्यंत. दुसऱ्या पट्टीत रेश्माची आई भाकरी थापते आहे. दोघी तिला वळसा घालून जातात.

"पोरींनो, हळू. पीठ उडतंय," चाची म्हणते. वर बघत नाही.

चुलीशेजारी दोन ताटल्या मांडलेल्या आहेत. रेश्मा पळता पळता मान वळवून त्यांच्याकडे बघते. "अजून दोन काढती बघ," ती हळूच म्हणते. "तू जात जा मधनंमधनं. दुसऱ्या ताटलीत कुणीतरी जेवाय पायजे." अनुजा पळता पळताच हो म्हणते.

मागच्या दारातून बाहेर पडलं की दहिवडीचा एसटी स्टँड आहे. फलाटांवर एक माणूस नाही. पांढऱ्या पट्ट्या इथेही आल्या आहेत, फलाटाच्या कडेनं गोल वळून लांब गेल्या आहेत. एकच गाडी उभी आहे. तिच्या दारात कंडक्टर उभा राहून दोरी ओढतो.

घंटा वाजते.

अनुजाचं अंग आपोआप पुढे झुकतं. ती वेग घेते, वळण घेते, पलीकडची सरळ समोर येते, आणि तिथेच पाय बाहेर सरकायला लागतात. अर्धं पाऊल. आतली जागा उघडी पडते. ती वाट बघते. खांद्याशी कुणी येत नाही.

ती थांबते. मागे वळून बघते तर रेश्मा फलाटावरच्या बाकड्यावर पाय हलवत बसली आहे.

अनुजाला राग येतो. "बसलीस काय? ये की! येवढ्या एका शर्यतीपुरती ये. तिथनं पुढं माझं मी बघते. मला ते दोनशे जमत न्हाईत, रेश्मे. कधीच जमलं न्हाईत. ते तुझं हुतं."

"माझं?" रेश्मा हसते. "अगं येडे, मलाबी ते कुठं जमत हुतं? तिथं माझ्या डोळ्यापुढं अंधारी यायची. दर बारीला वाटायचं, आता बसावं खाली."

"खोटं बोलतीस. तुझं पाऊल कधी चुकलं न्हाई."

"तुला माझी पाठ दिसायची. तोंड कुठं दिसत हुतं?" रेश्मा बाकड्यावरून उठते. "मागं तुझं पाय वाजत हुतं. मी बसले तर ही माझ्यावर आदळून तोंडावर पडंल, म्हणून पळत हुते मी. दुसरं काय न्हवतं माझ्याकडं. दमाची पोरगी, दमाची पोरगी म्हणत सगळी. दम कसला? भ्या वाटायचं नुसतं."

अनुजा तिच्याकडे बघत राहते. तीन वर्षं जिच्या पाठीकडे बघून ती पळाली, ती पाठ घाबरलेली होती. हे आधी कळलं असतं तर तिनं रेश्माला चिडवून चिडवून नकोसं केलं असतं. आणि मग कदाचित एखाद्या दिवशी म्हणाली असती, आज ते दोनशे मी घेते, तू मागून ये.

"मग आज तू मागनं ये," ती म्हणते.

"मागं असीन," रेश्मा म्हणते. "पर पुढं येणार न्हाई. कितीबी सरकलीस तरी न्हाई. तू जागा दिलीस की दुसरीच कुणीतरी घुसणार तितं, आन् ते मला बघवायचं न्हाई. सकाळी बघितलं तेवढं पुरं. कळलं?"

"कळलं."

"जागा देयाची न्हाई."

"न्हाई देत."

"मग आ कर."

रेश्माच्या हातात तांब्याचं भांडं आहे, तिच्या आईच्या चुलीजवळचं, काठाशी चेपलेलं. ते इथे कसं आलं हे अनुजा विचारत नाही. ती तोंड उघडते आणि रेश्मा वरून धार धरते. पाणी गार आहे, त्याला तांब्याची किंचित कडवट चव आहे. गाल फुगेपर्यंत भरून होतात.

"गिळायचं न्हाई. थुकायचं न्हाई."

कुठपर्यंत, असं अनुजा भुवया उडवून विचारते.

"ते तुझं तू ठरीव. आजवर बाभूळ मी दाखवत हुते."

अनुजाला खूप बोलायचं आहे. थांब म्हणायचं आहे, आणि शेवटच्या दिवसांत दवाखान्यात पोचले तेव्हा तू झोपली होतीस, मी बराच वेळ उभी होते, हेही सांगायचं आहे. पण तोंडात पाणी आहे. तोंड उघडलं तर दोघींना पहिल्यापासून पळावं लागेल. ती नाकानं श्वास घेत नुसती बघत राहते आणि तिचे डोळे भरून येतात.

"आता कशी गप बसलीस," रेश्मा म्हणते. "सरांनी बघाय पायजे हुतं." ती आपल्या बाहीनं अनुजाचे डोळे पुसते, जरा जोरातच पुसते, आणि खांद्याला धरून तिला पट्टीकडे वळवते. "पळ."

अनुजा पळते. घंटा मागे पडते, वळण संपतं, सरळ लागते. पाय बाहेर सरकू बघतात. ती त्यांना आत दाबते, पांढऱ्या रेघेला चिकटून. मागे पाय वाजायला लागतात, ओळखीचे, टाच किंचित घासणारे. ते जवळ येतात, पण पुढे येत नाहीत. ती मागे बघत नाही. स्टँड संपतो, कालवा लागतो, कालवा संपतो, वर स्लॅब येतो, चपला येतात, पंखा येतो.

ती जागी होते.

उन्हं दारातून आत आली आहेत. शेजारची पोरगी केस बांधते आहे. अनुजा उठून बसते आणि शेजारणीला वेळ विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबते.

तिचं तोंड पाण्यानं भरलेलं आहे.

ती बाटलीकडे बघते. बाटली तशीच आहे, पिशवीला टेकलेली, सील न फोडलेली. तोंडातलं पाणी गार आहे आणि त्याला तांब्याची कडवट चव आहे. आता यावर तुम्ही म्हणाल, झोपेत लाळ सुटली असेल, किंवा शेजारणीच्या बाटलीतून प्याली असेल. म्हणा. अनुजा ते गिळत नाही. ती बुटांची पिशवी उचलते, छातीवरच्या नंबराच्या चारही पिना चाचपून बघते आणि बाहेर पडते.

कॉल रूमच्या दाराशी काळेल सर उभे आहेत. हातात पेन आहे, कपाळाला आठ्या आहेत.

"आलीस? बोल पटकन. नाव काढायचं न्हवं आठशेतनं?"

अनुजा मान हलवते. नाही.

"मुंडी काय हलवतीयास? तोंडानं बोल. पाय चालायचं न्हाईत रिलेला, मग चार जणींचं नुकसान..." सर बोलता बोलता थांबतात. तिच्या फुगलेल्या गालांकडे बघतात. नाकपुड्या हलताना बघतात. हे तोंड त्यांनी कालव्यावर तीन वर्षं रोज सकाळी पाहिलेलं आहे, आणि तेव्हा शेजारी आणखी एक असंच तोंड असायचं.

सर पेनाचं टोपण लावतात.

"बाभूळ कुठं धरलीयास?"

अनुजा हात वर करते आणि बोटानं दाखवते. घंटेच्या जागेच्या पुढे, पहिल्या वळणाच्या पुढे, पलीकडची अख्खी सरळ ओलांडून, जिथे शेवटचं वळण संपतं तिथे. मैदानाच्या त्या टोकाला झाड नाही, काहीच नाही. सर बराच वेळ त्या बोटाच्या दिशेनं बघत राहतात.

मग ते तिच्या हातातली पिशवी घेतात, खाली बसतात आणि आपल्या हातानं तिचे स्पाइकचे बूट बाहेर काढून तिच्यापुढे ठेवतात.