सिक लाइनवरची मोटार

बाबा चौतीस वर्षं रेल्वेत डबे तपासत होते. गाडी सुटण्याआधी हातोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, चाकावर ठोका मारून आवाज ऐकायचा, ब्रेकच्या नळ्या बघायच्या आणि सगळं ठीक असेल तर कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय गाडी हलत नसे, आत मंत्री बसलेला असला तरी. लहानपणी मला बाबा मंत्र्यापेक्षा मोठे वाटायचे. अजूनही वाटतात, पण आता त्यात बाबांइतकाच मंत्र्यांचाही वाटा आहे.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तारनाक्याच्या आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात एक छोटी पांढरी मोटार आली. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि मालक ते. आली त्या दिवशी शेजाऱ्यांनी चौकशी केली, चाकाखाली लिंबं ठेवली का? आमच्याकडे लिंबू सरबतात जातं. बाबांनी बुद्धवंदना म्हटली, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी रजिस्टर आणलं.

दर प्रवासाला रजिस्टरचं एक पान. तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरातली हवा, टायरावरची नक्षी, दिवे, हॉर्न, वायपर. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. खाली डावीकडे तपासणाऱ्याची सही, उजवीकडे चालकाची. मधली जागा त्यांनी गार्डसाठी ठेवली होती आणि ती सही आईने करावी असा त्यांचा आग्रह होता. आई म्हणाली, "मला नक्को. मी प्रवासी आहे. प्रवासी कधी सही करते का?" बाबा विचारात पडले. नियमात खरोखरच तशी तरतूद नव्हती. ती जागा कायमची रिकामी राहिली.

भाजी आणायला निघालं तरी तपासणी चुकत नसे. तपासायला दहा मिनिटं, पोचायला चार. त्यामुळे भाजीला मी बहुधा पायीच जायचे आणि बाबांना तो गाडीच्या निगेचाच भाग वाटायचा. आठ वर्षांत गाडी जेमतेम चौदा हजार किलोमीटर चालली. उरलेला काळ ती कव्हरखाली असे, आणि कव्हर दर महिन्याला धुतलं जाई.

मी चालवत असले की बाबा शेजारी बसून सिग्नल पुकारतात. "पिवळा." मी थांबते. हैदराबादेत पिवळ्यावर थांबणं म्हणजे मागच्या सगळ्या वाहनांचा वैयक्तिक अपमान. पाठीमागून हॉर्न वाजतात, एखादा बाजूला गाडी आणून माझ्या बुद्धीबद्दल आणि मला गाडी शिकवणाऱ्याबद्दल दखनीत मत देतो. शिकवणारा शेजारीच बसलेला असतो. तो काच खाली करतो, "हौ, हौ" म्हणतो आणि काच वर करतो.

ही ख्याती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली, तिथून पुढचं सगळं घडलं. सेक्रेटरी पुण्याचे, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांची गाडी घराएवढी आणि तिच्या छताला खिडकी. कुठल्याही गोष्टीला बॅनर लावल्याशिवाय ती झाली असं त्यांना वाटत नाही. एका रविवारी सकाळी 'सुरक्षित वाहन, सुखी परिवार' असा कार्यक्रम त्यांनी ठरवला आणि घरी येऊन बाबांना म्हणाले, "काका, तुमचं रजिस्टर लोकांसमोर यायलाच हवं. आपण तुमचा सत्कार करू. आदर्श वाहनमालक म्हणून."

"सत्कार नको," बाबा म्हणाले, "पण रजिस्टर लोकांनी बघायला हरकत नाही." सत्कार नको म्हणणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात केस कापून घेतले, हे मी फक्त नोंदवून ठेवते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी पहाटे, आम्हाला नांदेडला निघायचं होतं. आईच्या बहिणीच्या नातीचं लग्न. आईची ही एकच बहीण उरलेली, आणि दोघींची भेट तीन वर्षांत नव्हती. आईचे गुडघे गेलेत, तिला डब्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. डबे तपासणाऱ्याच्या बायकोला डब्यात चढता येऊ नये, या विषयावर बाबा बोलत नाहीत. तेव्हा मोटारीला पर्याय नव्हता. नांदेडच्या प्रवासाचं पान शनिवारी संध्याकाळीच भरून, सही होऊन तयार होतं.

रविवारी अपार्टमेंटच्या अंगणात मांडव पडला. आमची गाडी मध्यभागी, बॉनेटवर झेंडूचा हार. शेजारी पांढऱ्या कापडाच्या टेबलावर रजिस्टर, नांदेडच्या पानावर उघडून ठेवलेलं. मुख्य पाहुणे वाहतूक खात्यातले कोणी निवृत्त अधिकारी होते. आमच्या गेटसमोर यायचं तर यू-टर्न एक किलोमीटर पुढे आहे, म्हणून त्यांची गाडी उलट्या बाजूने आली. सेक्रेटरींनी गेटवरच त्यांना हार घातला. मग पाहुण्यांनी रस्त्यावरच्या शिस्तीबद्दल पंचवीस मिनिटं भाषण केलं.

भाषण चालू असताना बाजूला एक काम खरोखर होत होतं. सेक्रेटरींनी बरकतपुऱ्याकडचा एक म्हातारा मेकॅनिक सगळ्यांच्या गाड्या फुकट तपासायला बोलावला होता. अंगणात ओळीने लावलेल्या गाड्या तो एकामागून एक बघत निघाला होता. सेक्रेटरींच्या गाडीपाशी त्याने पुढच्या टायरावरून हात फिरवला. टायर गुळगुळीत.

"साब, ये टायर बदलो."

"पण माझ्या ॲपवर सगळं हिरवं दाखवतंय," सेक्रेटरी म्हणाले.

"तो अ‍ॅप पे बैठ के जाव," मेकॅनिक म्हणाला आणि पुढे सरकला.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. असे अभिप्राय विद्यार्थ्यांच्या पेपरांवर लिहायची माझी फार इच्छा असते. त्यामुळे मी त्याच्या मागे मागे होते. तो आमच्या गाडीपाशी आला, उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग त्याने मला बोटाने बोलावलं.

"ये गाडी कौन देखता, मॅडम?"

"मेरे बाबा."

"माशाल्ला. दुल्हन के सरीका रखे." त्याने आवाज खाली आणला. "मगर टायरां मर गए."

मी म्हणाले, टायरांवर नक्षी तर नव्यासारखी आहे. त्याने रबर अंगठ्याने दाबलं. चाकाच्या कडेपाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या, दोन, चार, मग सगळीकडेच. "नक्शी पूरी हय, जान नै. रबर चले तो घिसता, खडा रहे तो सूखता. ये देखो." टायरावर एका लांबट चौकटीत चार आकडे होते. "पैले दो हफ्ता, बाद के दो साल. कब बना, वो लिखा हय." मी हिशेब केला. टायर आमच्या गाडीपेक्षाही चार महिन्यांनी मोठे होते.

"कल किधर जारैं?"

"नांदेड."

"नक्को जाव. गल्ली में ठीक हय. हायवे पे धूप में, अस्सी की स्पीड पे, फट बोल के जाते. फिर तुम लोगां किधर, गाडी किधर."

स्टेजवर आता सेक्रेटरी बोलत होते. बाबा पाहुण्यांशेजारी ताठ बसले होते आणि त्यांच्यापुढे ताटात शाल होती. पहिल्या रांगेत आई शेजारणीला बहिणीसाठी घेतलेल्या साडीचा रंग सांगत होती. सोयीची वेळ येईपर्यंत लोकांनी सत्य थांबवून ठेवल्याची उदाहरणं मला तोंडपाठ आहेत. दर वर्षी मी ती मुलांना जरा चढ्या आवाजात शिकवते. तरीही दोन मिनिटं मी तेच केलं. शाल होऊ दे, फोटो होऊ दे, मग घरी नेऊन सांगू. पण बाबांनी आयुष्यात कुणाच्या सोयीसाठी सही केली नव्हती, आणि नांदेडच्या पानावर त्यांची सही होती. मी स्टेजवर गेले आणि त्यांच्या कानात सांगितलं.

 ते उठून सरळ खाली उतरले. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "काका दोन मिनिटांत येतायत." बाबा गाडीपाशी गुडघ्यांवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आकडे वाचले. नखाने भेग उचकटून पाहिली. उठले, दुसरं चाक. तिसरं. चौथं. मेकॅनिक अदबीने बाजूला उभा होता.

"डब्यावर तारीख रंगवलेली असते," बाबा मला म्हणाले. "पुन्हा कारखान्यात कधी जायचं, त्याची. ती उलटली की डबा कितीही चांगला दिसू दे, आम्ही त्याला सिक लाइनवर टाकायचो. आजारी डब्यांचा रूळ तो. हजारो तारखा वाचल्या मी." त्यांनी टायरावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "इथंसुद्धा लिहिलीच होती की."

"काय झालं हो?" आईने खुर्चीतून विचारलं.

"मी चुकलो."

आईने कानातलं यंत्र नीट बसवलं. "काय?"

बाबांनी पुन्हा सांगितलं नाही. ते स्टेजवर गेले, सेक्रेटरींच्या हातातून माइक घेतला आणि रेल्वेच्या हिंदीत चार वाक्यं बोलले. ही गाडी फिट नाही. कालची माझी सही चूक आहे. टायरांचं वय माझ्या यादीत नव्हतं आणि दर सर्व्हिसिंगला मी गॅरेजला हीच यादी देत आलो, म्हणून कुणी ते पाहिलं नाही. गाडी सिक आहे.

पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, ते नंतर बघू," सेक्रेटरी कुजबुजले, पण माइक चालू होता. "आधी शाल घेऊन टाकू."

"अनफिट गाडीच्या मालकाला शाल? असा कुठला नियम आहे तुमचा?"

"अहो काका, बॅनरवर नाव छापलंय!"

"खोडा," बाबा म्हणाले. खाली येऊन त्यांनी टेबलावरच्या रजिस्टरमध्ये नांदेडच्या पानावर आडवी रेघ मारली, बॉनेटवरचा हार काढला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

 मग तिसऱ्या मजल्यावरचे एक जण उठून आपल्या गाडीपाशी गेले आणि मोबाइलचा उजेड टायरावर पाडून वाकले. मग आणखी दोघं. पाच मिनिटांत अर्धा मांडव आपापल्या गाडीशेजारी उकिडवा बसला होता, आणि लोक एकमेकांना आकडे ओरडून सांगत होते. पाहुण्यांचा ड्रायव्हरही वाकला होता. शाल ताटातच राहिली.

मेकॅनिकने दोन-तीन फोन केले. दिलसुखनगरला एक टायरवाला रविवारी उघडा असतो. "आहिस्ता चलो, कुच नै होता," म्हणून तो स्वतः मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर आला. तिसाच्या वेगाने आम्ही गेलो. बाबा शेजारी होते, पण त्यांनी एकही सिग्नल पुकारला नाही. दोन पिवळ्यांवर मी आपणहून थांबले, तेव्हाही ते गप्प. हैदराबादेतल्या हॉर्नमुळे मला पहिल्यांदाच बरं वाटलं. गाडीत काहीतरी आवाज तर होता.

दुकानात चारी चाकं काढली, नवे टायर चढवले, हवा भरली. मी प्रत्येकावरचे आकडे मोठ्याने वाचले. बाबा स्टुलावर बसून मान हलवत होते. रजिस्टर मांडीवर, मिटलेलं.

"नवं पान भरा," मी म्हणाले.

"तू भर. माझ्या सहीचं आता काय."

तेवढ्यात आईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. "उद्या जायचंय का नाही? दशम्या करायच्या का नक्को? दुपारपासनं पीठ बघत बसलेय मी."

"थांब जरा," बाबा म्हणाले. फोन ठेवून ते जमिनीवर पडलेले जुने टायर मोजत बसले.

मेकॅनिकने हात पुसले. "हो गया साब. बेफिकिर जाव."

बाबांनी मान वर केली. "पाँचवा?"

"पाँचवा कौनसा?"

"स्टेपनी."

 मेकॅनिकने डिकी उघडली, गालिचा उचलला, खालचं चाक बाहेर काढलं. टायर इतका नवा की रबराचे केस अजून तसेच होते. जन्मात त्याने जमीन पाहिली नव्हती. बाबा खाली वाकले आणि आकडे वाचले. काढून टाकलेल्या चौघांचाच भाऊ.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "चालीस साल का काम हय साब मेरा. मैं बी भूल गया."

"होता है," बाबा म्हणाले. एवढ्या उदार आवाजात मी त्यांना आजवर कुणाला माफ करताना ऐकलं नव्हतं. मग त्यांनी दुकानातली पोलादी पट्टी मागून घेतली, रजिस्टरचं नवं पान काढलं, नक्षीच्या ओळीखाली एक रेघ आखली आणि लिहिलं: टायरांचं वय, पाचही. पाचव्या चाकालाही नवा टायर बसेपर्यंत शेजारी उभे राहिले. मग खुणा, मग सही. सही नेहमीपेक्षा जरा मोठी होती.

परतताना पहिल्याच चौकात ते म्हणाले, "पिवळा." मी थांबले. मागचे ओरडले. त्या गलक्यातच त्यांनी माझ्या मोबाइलवरून आईला फोन लावला.

"दशम्या कर. सही झाली."

"कवाच केल्या," आई म्हणाली. "तुमच्या सहीसाठी कोण थांबतंय!"